प्रोसेसर रिकामा होता

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, म्हणून त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळतं. काळ्या पडद्यावर कमांड देऊन प्रोसेसर, डिस्क किती राबतात ते दिवसभर बघतात.

परवा सर्व्हर रखडला. साहेब कडाडले, "प्रोसेसर कमी पडतोय, नवा मागवा!"

"स्वल्प थांबा, सर. प्रोसेसर बिचारा रिकामाच आहे, डिस्कची वाट बघतोय."

पडद्यावर डिस्क अडवणारा प्रोग्राम दिसला आणि त्यापुढे माझं नाव. त्यांनी तो मुकाट्यानं बंद केला.

"कुणाचा होता?" साहेबांनी विचारलं.

"सिस्टिमचाच, सर."

मी नंतर आभार मानायला गेलो. मान वर न करता ते म्हणाले, "सरी, ठीक आहे, अण्णा. आता तुमच्यावरही लक्ष ठेवतो."