गुरुवारचा गणिताचा तास

बंगळुरूतल्या येलहंक्याच्या एका शाळेत मी गणित शिकवते. नवऱ्याच्या नोकरीमुळे नागपूर सोडून इथे आलो, त्याला आता नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी डेंग्यूने आठवड्याभरात गेली.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वर्गात विषय काढू नका. मुलं घाबरतात." दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी तिचं नाव गाळून पुढचं नाव घेतलं. सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुणी खोकलं तरी जाऊन कपाळाला हात लावायची. कुणी आलं नाही की मधल्या सुट्टीची वाटही न बघता घरी फोन करायची. तशात तिच्याच बाकावर बसणारी मैत्रीण लागोपाठ दोन दिवस आली नाही. तिच्या आईचा फोन बंद. तिसऱ्या दिवशी मला फळ्यावरची आकडेमोडही दिसेना. शाळा सुटताच रिक्षा पकडली. पुढे गर्दी होती. "स्वल्प, थोडं थांबा, मॅडम," रिक्षावाला म्हणाला आणि मला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

दार तिच्या आईने उघडलं. मी मोडक्या कानडीत पहिलं हेच विचारलं, "ताप आहे का?"

"ताप नाही, मिस. शाळेचं नाव काढलं की रडते. तुम्हाला काय सांगायचं, म्हणून फोनच बंद ठेवला."

मुलगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी शेजारी बसले. भिंतीकडेच बघत ती म्हणाली, "मिस, ताप यायच्या आधीच्या गुरुवारी ती मला म्हणाली होती, डोकं फार दुखतंय. मीच म्हटलं, कुणाला सांगू नको, नाहीतर तुला स्नेहसंमेलनाच्या नाचातून काढतील."

त्याच गुरुवारी माझ्या तासाला ती बाकावर डोकं टेकून होती. मी सगळ्यांदेखत ओरडले होते, "सरळ बस. झोपायचं तर घरी झोप." हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आताही या मुलीची आई दारातच उभी होती. उद्या शाळेत कळलं तर? तरी सांगितलं.

"मग ती काय म्हणाली?" मुलीने विचारलं.

"सॉरी मिस म्हणाली. आणि बसली सरळ."

मुलगी माझ्या मांडीवर कोसळली. रडून झाल्यावर म्हणाली, "तिच्या आईला सांगायचं?"

रविवारी आम्ही दोघी गेलेल्या मुलीच्या घरी गेलो. त्या माउलीने दोघींचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शुक्रवारी सकाळी मलाही सांगितलं होतं तिने. मी गोळी दिली आणि शाळेत पाठवलं." एवढं बोलून ती माझ्याबरोबरच्या मुलीचा हात धरून बसली, सोडेचना.

सोमवारी मुलगी शाळेत आली. दुसऱ्या बाकावर बसू का, म्हणाली. मी हो म्हटलं. मग पुस्तक मिटलं आणि कुणाची परवानगी न घेता, गेलेल्या मुलीचं नाव वर्गात पहिल्यांदाच घेतलं. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "मिस, तिला खूप दुखलं का?" त्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं.