कडावच्या चित्रातला धूर

कला अमर असते, असं मी व्यवसाय म्हणून अनेकदा लिहून दिलं आहे. त्यातल्या बऱ्याच चित्रांना तेव्हाच वाळवी लागलेली होती. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. चित्रांच्या जाणकारांवर त्याहून कमी, आणि मी स्वतः त्यांच्यातलाच. कर्जतला राहतो, जुनी चित्रं कुणाची आणि किती मोलाची ते तपासून सांगतो.

यंदाच्या उन्हाळ्यात कडावहून सुनीलचा फोन आला. तो साजगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्यांच्या घरात टीव्हीच्या वर एक निसर्गचित्र होतं, बिनसहीचं. नेरळच्या एका बंगलेवाल्याला ते हॉलसाठी हवं होतं, पण कुणा मोठ्या चित्रकाराचं असेल तरच.

मी कडावला जाऊन पाहिलं. चित्र बरं होतं. मागे डोंगर, पुढे शेत, शेतात राब पेटवलेला. भाताची रोपं करण्याआधी जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो राब. त्याच्या डाव्या कडेला जाळ, जाळाशेजारी पाठमोरा माणूस, आणि धूर राबावरून उजवीकडे वाहत चाललेला. मी फोटो काढला.

"आमच्या ह्यांनी काढलंय," दारातून सुनीलची आई, इंदूकाकू म्हणाल्या.

"गप गं आई. बाबांच्या हातात ब्रश कुणी बघितलाय? दाराला रंग द्यायलाही माणूस बोलावला होता त्यांनी."

मी घसा साफ केला. आमच्या धंद्यात निम्मं काम त्यानेच होतं.

"राब वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवतात, म्हणजे जाळ सावकाश सरकतो. इथे वाऱ्याच्याच बाजूने पेटवलाय. तेव्हा हा चित्रकार शेतकरी नव्हे. बाहेरून आलेला, शिकलेला... कदाचित मोठाही."

सुनीलचा चेहरा खुलला. काकूंचा त्याहून जास्त.

"असा पेटवणारा गावात एकच व्हता, भाऊ!"

"खरंय," सुनील म्हणाला. "शेजाऱ्यांची पेंढ्याची अख्खी उडवी जाळली बाबांनी. शाळेत पोरं मला उडवीवाला म्हणायची."

"पेटवला तवा वारा बरोबर व्हता. मागनं फिरला! मरेस्तवर हेच सांगत व्हते, कुणी ऐकलं नाय. तुमी लिवा भाऊ, चित्र ह्यांचं हाय."

"तसं लिहिलं तर तो बंगलेवाला फ्रेमसुद्धा घेणार नाही, आई."

"नको घेऊ दे."

सुनीलची बायको मनीषाने चहा ओटीवर आणला. समोरच्या शेतात खरोखरच कुणाचा तरी राब जळत होता. चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात वारा फिरला आणि सगळा धूर आमच्या अंगावर आला. डोळे चोळत आम्ही आत गेलो.

चित्रातला धूर डावीकडे गेला होता.

जाळ जागच्या जागी. माणूस जागच्या जागी. पण धूर राबाला सोडून बाहेरच्या बाजूला... म्हणजे आता राब वाऱ्याच्या उलट, अगदी रीतसर पेटवलेला. फोनमधला फोटो उघडला, तर त्यात धूर उजवीकडे. फोटो उलटा आला म्हणावं, तर माणूस दोन्हीकडे डावीकडेच! भिंग लावून पाहिलं. रंगाला जुने बारीक तडे होते, ते आकाशातून थेट धुरात उतरत होते, कुठे खंड नाही. बोट लावलं. कोरडं.

इंदूकाकू पदर सावरून, शाल स्वीकारायला उभं राहावं तशा चित्राशेजारी उभ्या राहिल्या.

"बघ रं सुनील. फिरला का नाय वारा?"

सुनीलने फोटो पाहिला, चित्र पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"फिरला," तो म्हणाला. मग ओटीवर जाऊन त्याने बंगलेवाल्याला फोन लावला. "विकायचं नाही साहेब. चित्रकार? आमचे बाबा. बळीराम त्यांचं नाव!" समोरच्या शेतातली माणसं हातातलं काम टाकून वळून बघायला लागली, इतक्या मोठ्याने.

मी दाखल्यावर तेच नाव लिहिलं. आजवर मी लिहून दिलेल्या नावांपैकी याच एका नावाची मला खात्री आहे, आणि याचंच कारण मला देता येत नाही. उजेड, नजरेची चूक, धुराने चुरचुरणारे डोळे... सगळं मांडून पाहिलं. फोटो अजून फोनमध्ये आहे.

चित्र टीव्हीच्या वरच आहे. कपडे वाळत घालण्याआधी मनीषा त्यात बघून घेते, धूर कुठल्या बाजूला आहे ते.