उपटलेलं बटण

दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी कचेरीत कुणाचा तरी कॅपिटल अक्षरांत भरलेला अर्ज तपासत होतो. नेमका अर्जच... वारूळवाडीचा हा माझा आतेभाऊ, चाळिशीही गाठली नव्हती, झोपेतच गेला. महिना झाला, पण मला माझीच शिसारी येते.

लिस्प नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेसाठी त्यानं घरी बसून एक प्रोग्राम केला होता. त्या भाषेत जिकडेतिकडे कंस. एक चुकला की मुसळ केरात. दिलीपच्या पडद्यावर प्रत्येक कंसाची रंगीत चौकट दिसे, माउसनं उचलून हलवता येई. चार वर्षं त्यावर खपला. पण वारूळवाडीत किंवा शेजारच्या नारायणगावात हे दाखवणार कुणाला? इंटरनेटवर जगभरचे जाणकार एका गटात पत्रं लिहायचे, तिथं कळवायचं ठरलं.

सायबर कॅफेत मी सोबत गेलो. त्याचा ईमेल नव्हता, म्हणून माझ्या खात्यातून लिहिलं. मी पडलो कारकून! शहाणपणा शिकवला, की सगळं कॅपिटल अक्षरांत लिही, फॉर्म भरतात तसं. त्यानं ऐकलं.

दोन दिवसांनी उत्तरं बघितली. तिथं कॅपिटल म्हणजे ओरडणं. आधी बोलायची रीत शिका, मग या, असं एकानं सुनावलं होतं. प्रोग्रामबद्दल चकार शब्द नाही. अहो, एसटीत कंडक्टरला थांबा सांगायला लाजणारा, पुढच्या गावाला उतरून चालत मागं येणारा हा माणूस... दिलीप एवढंच म्हणाला, "दादा, मी वरडलो नव्हतो रं."

मी हसलो. सोड रे, म्हटलं. त्यानं खरंच सोडलं, पुन्हा कुणाला लिहिलं नाही. त्या गटाची पत्रं मी न वाचताच ईमेलच्या एका कप्प्यात ढकलत राहिलो.

तेराव्यानंतर तो कप्पा उघडला. आमच्या पत्राच्या चौथ्याच दिवशी एकानं लिहिलं होतं, आम्ही उगाच बोललो, माफ करा. तुमच्या चौकटी फार आवडल्या, प्रोग्राम पाठवाल का? दोन महिन्यांनी त्यानंच पुन्हा विचारलं होतं. सहा वर्षं ते माझ्याकडे पडून होतं. दिलीपला कळलंच नाही.

परवा वारूळवाडीला गेलो. त्याच्या कीबोर्डवर सगळी अक्षरं कॅपिटल करणारं कॅप्स लॉकचं बटणच नाही, उपटून काढलेलं. त्याची बायको सुनंदा म्हणाली, "तवाच काढलं व्हतं. चुकून दाबलं जायाला नको म्हनले. परत लिवायचं व्हतं ना त्यांना."

त्याच्या खुर्चीत बसून प्रोग्राम मागणाऱ्या त्या माणसासाठी उत्तर लिहायला घेतलं, स्मॉल अक्षरांत. दिलीप गेला, एवढं लिहिलं. आता मलाच ओरडायचं होतं, आणि बोट त्या मोकळ्या जागेत जाऊन थांबलं.