हौसाआत्याची कंबर

दुपारी जेवण झाल्यावर हर्षदा डाव्या कुशीवर पडते, आणि पडल्या पडल्या तिला उजवी कूस हवीशी वाटते. पण नुसतं वळायचं नाही. आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या कुशीवर आडवं व्हायचं, नाहीतर नाळ बाळाच्या गळ्याला गुंडाळते, असं काकीचं म्हणणं. आई नसलेल्या पुतणीचं पहिलं बाळंतपण काकीनं अंगावर घेतलंय, आणि त्या भरात ती पोरीच्या डोळ्याला डोळा लागू देत नाही.

हर्षदा उठते, बसते, आडवी होते. परत उठते. आठवा महिना सरत आलाय आणि बाळाचे पाय अजून खालीच आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फिरायला वेळ आहे, नाही फिरलं तर ऑपरेशन करू, घाबरू नका. दवाखान्यातल्या बाईंनी चटईवर करायचे हलके व्यायामही शिकवले. हर्षदानं ते एकदाही केलेले नाहीत. हलायचीच तिनं धास्ती घेतलीय.

पंख्याचा आवाज लांब लांब जातो. ती पुन्हा उठून बसते, तर पायथ्याशी हौसाआत्या.

"किती उठबस करतीस गं? मास्तरनं शिक्षा दिल्यागत?"

आत्या गेल्या दिवाळीआधी वारली, हे हर्षदाला पक्कं ठाऊक आहे. पण आल्या आल्या तो विषय काढणं बरं दिसणार नाही, असं तिला वाटतं.

"झोप येत नाही, आत्या."

"मग चल."

ती पलंगावरून पाय सोडते तो आत्याच्या ओट्यावर. ओट्यावर नेहमीसारखी रांग आहे. आत्या पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसानं पाठीत लाथ घातली की भरलेली उसण उतरते म्हणून पंचक्रोशीतली वाकडी माणसं तिच्याकडे यायची. आत्ताही पोस्टमन, दूधवाला, सोसायटीचा चेअरमन, सगळे पालथे पडलेत. आत्या नऊवारीचा काष्टा सावरत एकेकाला लाथ घालत पुढं जाते. चौथ्या माणसापाशी ओटा संपतो आणि दवाखान्याचा हॉल लागतो. पोट सांभाळत बायका चटयांवर बसल्यात, मधेच एखादा बाप्या पालथा पडलाय, आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. फक्त हर्षदाला चटई मिळत नाही. ती हॉलभर फिरते. जिथं जाते तिथं कुणीतरी नुकतंच बसलेलं असतं.

"आत्या, तुला म्हणायचे ना गं, जन्मली आणि आईला खाल्लं?"

"म्हणायचे की. तोंडावर म्हणायचे, आणि कंबर धरली की माझ्याच दारात यायचे."

"राग नाही यायचा?"

"यायचा. म्हणणाऱ्याला लाथ जरा जोरात बसायची."

हर्षदाला हसू येतं आणि हसता हसता पाय ओले लागतात. फरशीवर पाणी आहे. आपलंच पाणी गेलं, असं वाटून ती दोन्ही हातांनी पोट धरते.

"नदीचं हाय ते," आत्या म्हणते, आणि खरंच दोघी घाटाच्या पायरीवर उभ्या असतात, घोट्याएवढ्या पाण्यात. पलीकडच्या काठावर कुणीतरी हर्षदाचं नाव घेऊन हाका मारतंय. तिला ओ द्यायची नाही.

"आत्या, आजीसारखी मी पण बाळंतपणात गेले तर? ह्यालासुद्धा जन्मभर तेच ऐकावं लागेल."

आत्या कधी खोटं बोलून समजूत घालणारी नव्हतीच.

"ते मला न्हाई सांगता यायचं. मी हिकडं नवी हाय, मला कोण काय सांगतंय? पर तुझ्या आजीला कुणी इचारलंसुदीक न्हाई, बाई, तुला भ्या वाटतंय का म्हणून. बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटून घेतलं, झालं. तू बोललीस का कुणाशी?"

"नाही."

"का?"

"बोलले तर खरं होईल असं वाटतं."

"आन् गप ऱ्हाऊन लई बरं वाटतंय?"

आत्या काखेतून एक चटई काढते आणि त्याच पायरीवर अंथरते. पायरी आता कोरडी आणि खोलीएवढी रुंद आहे. जन्मात कुणापुढं न वाकलेली आत्या गुडघे टेकते, तळहात टेकते, चार पायांवर होते.

"हात खांद्याखाली ठेव. मान सैल सोड. आता कंबर झुलव, हळू. आगं, त्याला वळायला जागा नको? तू आवळून पडलीयास नुसती."

"आणि नाही वळलं तर?"

"तर पायाळू ईल! येऊ दे की. माझी कंबर जन्मभर दुखली, कुणाला ठावं हाय? गावात दुसरं पायाळू न्हाई. मला लाथ घालायची कुणी? तुझी तरी सोय हुईल."

हर्षदा तिच्या शेजारी उतरते. दोघी झुलतात. किती दिवसांनी पोटाचं ओझं पाठीवरून उतरतं आणि श्वास खालपर्यंत जातो. आत बाळ ढुशी देतं. हर्षदाला रडू येतं, आणि फार बरं वाटतं.

"अजून थोडं," आत्या म्हणते. मग हाक येते. "हर्षे! ए हर्षे!"

काकी दारात उभी आहे. हातातला चहा बशीत सांडलाय. हर्षदा पलंगावर नाही. ती जमिनीवर आहे, गुडघ्यांवर आणि तळहातांवर, खाली चटई.

"पडलीस का काय गं?" काकी धावते, तिला धरून टेकवून बसवते, हात उलटे करून बघते. दोन्ही तळव्यांवर चटईची वीण खोल उमटलीय, लालभडक. गुडघ्यांवरही तशीच.

"आगं बाई, कवापास्नं हाईस अशी?"

हर्षदाला ते सांगता येत नाही. ती तळव्यांवरच्या त्या रेघांकडे बघते आणि म्हणते, "काकी, मला मरायची भीती वाटते गं. रोज वाटते."

काकी तोंड उघडते, पण नेहमीसारखं 'अभद्र बोलू नको' म्हणत नाही. ती चहा बाजूला सारते आणि हर्षदाच्या तळव्यांवरून अंगठा फिरवत राहते. ते वळ काही लवकर जात नाहीत.

"मला बी वाटायची," ती म्हणते. "तीनदा बाळंत झाले, तिन्ही येळंला. कुणाला सांगायचं?"

मग ती लुगडं सावरत हर्षदाच्या शेजारी चटईवर गुडघे टेकते.

"कसं करत हुतीस? दाव मला."