पदवीदानाची पॅन्ट

बी.ए.ची परीक्षा देऊन मी गावी, रिह्याला आलो, तेव्हा आईला कोण आनंद! तीन महिने मी रोज जेमतेम चार तास झोपलो होतो आणि जागं राहायला चहा, भजी, पाव, दिसेल ते खाल्लं होतं. अंगानं चांगला सुटलो होतो. आई शेजारणीला सांगायची, "कालिज लई मानवलं बगा!"

पास होणार याची मला खात्री होती, म्हणून पदवीदानासाठी आयुष्यातली पहिली पॅन्ट आधीच शिवून ठेवली होती. ती घालून बघितली तर बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर! घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि पॅन्टच बसेना.

आई म्हणाली, "वरनं झगाच घालायचाय. कोन बघतंय?"

"झगा भाड्याचा हाय, पॅन्ट आपली हाय," वडील म्हणाले. "आन ही चरबी न्हाई, जागरनाची सूज हाय. झोप न्हाई का भूक चाळवती. आदी झोप!"

बी.ए.वाल्याला हे काय शिकवतात, असं वाटलं. पण ऐकलं. दिवसा राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळायला जायचं आणि दिवेलागणीला जेवून सरळ आडवं व्हायचं. आठ दिवसांत मधली खा-खा आपोआप थांबली. महिन्याभरानं एका सकाळी श्वास न धरता बटण लागलं!

मी वडिलांना सांगायला अंगणात धावलो. "दादा, लागलं!"

वडील गोठ्यातूनच म्हणाले, "मंग बसून दाखव."

मी तिथंच मांडी घालून बसलो. बटण जागचं हललं नाही!