चंदेरी झाडांना तीर्थ

मला आमच्या सोसायटीतली माणसं आवडत नाहीत. धायरीत राहायला आले त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी या मताला आले आणि ते बदलावं असं कुणी काही केलेलं नाही.

भांडण कंपाउंडच्या भिंतीलगतच्या मातीच्या पट्ट्यावरून सुरू झालं. मला तिथे बाग हवी होती, चेअरमनना स्कूटर लावायला जागा. ही सगळी जमीन एके काळी त्यांच्याच घरची, त्यामुळे ते अजूनही बांधावर उभं राहिल्यासारखे बोलतात. "ताई, हितं प्यायचं पाणी टँकरनं येतंय, अन् तुम्ही बाग कसली करताय?" मी म्हटलं, पाणी जवळजवळ लागतच नाही अशी झाडं लावते. ते हसले. "लावा की. पावसाळ्यापतूर जगली तर जागा तुमची. न्हाय तर ब्लॉक बसवायचे."

हडपसरच्या पलीकडच्या एका नर्सरीतून मी डस्टी मिलर आणली, लव्हेंडर आणलं आणि दवण्याच्या नात्यातलं एक रांगडं झुडूप आणलं. सगळ्यांची पानं चंदेरी, अंगावर बारीक लव. या झाडांचे लाड करायचे नसतात. मातीत वाळू आणि खडी कालवायची, उन्हात लावायची, रुजली की विसरून जायचं. मुळाशी ओल साचली तर मात्र सडतात. कुणाची मिनतवारी न करता जगणारी झाडं, म्हणून मला ती माणसांपेक्षा बरी वाटत.

समोर बांधकाम चालू होतं आणि खालच्या सगळ्या गाड्या धुळीने पांढऱ्या. त्यामुळे येणारा-जाणारा थांबून सांगे, "अहो, पानं जरा पुसत जा." रंगच तसा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग हिरवी का नाही लावलीत?" तोवर मी जिन्याला लागलेली असे.

मग एका सकाळी वाफ्यात झेंडूच्या पाकळ्या आणि तांदळाचे दाणे दिसले. माती चिंब, वर दुधाचा पांढरट ओघळ. तळमजल्यावरच्या काकू! त्या रोज देवांना अंघोळ घालतात आणि ते पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून झाडाच्या बुंध्यात ओततात. आमच्याकडेही हेच करायचे, पण स्वतःच्या झाडात. मी त्यांच्या दाराशी गेले. काकूंच्या खिडकीत टवटवीत तुळस होती.

"काकू, तुमच्या तुळशीत का नाही घालत?"

"अगं, कुंडी केवढीशी ती! रोज एवढं घातलं तर सडेल ना."

मी वाफ्यात पाटी लावली, 'या झाडांना पाणी घालू नये.' दुसऱ्या दिवशी पाटीवरही एक पाकळी चिकटलेली. काकूंना गाठलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी कुठे घातलं? ते तीर्थ आहे. तुझी झाडं बघ कशी निस्तेज दिसतात. देवाचं लागेल त्यांना." मी भांडले. चांगली ओरडून भांडले. सगळा जिना दारात येऊन उभा राहिला आणि एकजण म्हणाला, "जाऊ द्या, देवाचं आहे."

मे संपायच्या आत डस्टी मिलर बुडापासून काळी पडली. लव्हेंडर हात लावताच मुळासकट हातात आलं. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या सोसायटीत माझी झाडं पाणी पिऊन मेली. चेअरमननी चपलेच्या टोकाने माती उकरून पाहिली. "म्हनलं हुतं ना, ताई, हितं काय जगत न्हाय." त्यांना तीर्थाचं सांगितलं तर त्यांनी हात जोडले. देवाला, मला नव्हे. मला रडू आलं आणि त्यांच्यासमोर आलं याचा आणखी संताप झाला.

चार दिवसांत ब्लॉक बसले, स्कूटरी उभ्या राहिल्या. रांगड्या झुडपाचं एक रोप तेवढं मी बाल्कनीत आणून ठेवलं होतं. ते जगलं.

त्याच आठवड्यात बेल वाजली. दारात काकू, हातात तांब्या, पाण्यावर एक पाकळी तरंगत होती.

"अगं, खाली सगळीकडे ब्लॉकच झालेत. आता देवाचं पाणी कुठे घालू?"

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून बाल्कनीतल्या कुंडीकडे गेली.

"तुळशीत घाला," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.