छान आहेत वहिनी!

माझ्या बोटांची जाणीव एका ‘छान’पायी गेली. कॅन्सरचा आला नाही एवढा राग मला त्या शब्दाचा येतो.

गुदाशयाच्या ऑपरेशननंतर किमो, मग रेडिएशन, मग पुन्हा किमो. यजमान नाहीत, म्हणून दर खेपेला धाकटे दीर सोबत. मांडव्याहून मुंबईला लाँच, माझी फाइल त्यांच्या काखेत. डॉक्टर विचारायचे, ‘‘कशा आहात?’’ मी तोंड उघडायच्या आत भाऊजींचं उत्तर तयार, ‘‘छान आहेत वहिनी!’’ आमच्याकडे रीतच ती. आजाऱ्याने कुरकुरायचं नाही, आणि खालचं दुखणं बाईने दिरादेखत बोलायचं? शिव शिव!

छान म्हणे! रेडिएशनने खालची कातडी सोलून निघाली होती. लाँचच्या बाकावर तासभर मी या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर होत होते. शौचाची घाई अशी की उठेपर्यंत सगळं उरकलेलं. पिशवीत कायम दोन जादा परकर. त्यात किमोनं बोटं बधिर होत चाललेली. वाडीतली सुपारी अडकित्त्याने कातरताना बोट कापलं, ते सुपारी लाल दिसली तेव्हा कळलं. भाऊजींनीच हळद दाबली. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना काय सांगितलं? छान!

मी तरी कुठली शहाणी! जन्मभर शाळेत पोरांवर ‘‘मोठ्याने बोल’’ म्हणून खेकसले, आणि तिथे मान डोलवत बसले.

पुढच्या खेपेला डॉक्टर किमोचा कागद लिहायला लागले, भाऊजींनी ‘‘छान’’ म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं.

‘‘गप्प बसा हो भाऊजी! जळतंय ते तुमचं की माझं?’’

भाऊजी पंख्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं, अगदी परकरांसकट.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘‘आधी का नाही बोललात? डोस तेव्हाच कमी केला असता. आता बोटांचं खात्रीने सांगता येत नाही. सुधारतील, किंवा अशीच राहतील.’’

परतताना भाऊजींनी आपली शाल घडी करून माझ्याखाली सरकवली. धक्क्यावर गावातली एक बाई भेटली. ‘‘काय हो, बरं आहे ना आता?’’ भाऊजींनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

‘‘नाही,’’ मी म्हटलं, ‘‘अजिबात बरं नाही.’’

भाऊजी टपरीवरून चहा घेऊन आले. ‘‘सांभाळून वहिनी, गरम आहे.’’ मी पेला घट्ट धरला. चटका बसला तो ओठांना.